पुढे व्हा, मी आहे मागे

१८ ऑक्टोबर

आले बाई एकदाची! बस बदलून बदलून अंगाचा पार भुगा झाला, पण शेवटच्या वळणावर खाली तळं दिसलं आणि सगळा शीण पळाला. तळ्याकाठी दगडी विश्रामगृह, मागे पिवळी पडलेली झाडी आणि झाडीच्या वर डोंगराची लांबच लांब धार. पिशवी खोलीत टाकण्याआधीच मी तळ्याला अर्धी चक्कर मारून आले. दादा म्हणतो ते खोटं नाही, माझ्या पायाला भिंगरी आहे.

इथला कारभार दोन माणसांचा. वाटाड्याकाका लोकांना डोंगरावर नेतात, आणि त्यांची बायको, म्हणजे काकू, स्वयंपाक, अंथरुणं, फोन असं उरलेलं सगळं बघतात. सकाळी निघायचं आणि उजेडात परतायचं, अशी ही एका दिवसाची चाल आहे. झाडीतून पहिलं तळं, मग धारेवरून दुसरं, खिंड उतरून तिसरं आणि शेवटी विश्रामगृहामागच्या लाकडी फाटकातून आत. बर्फ पडायला लागलं की वाट बंद. तोवर मी इथे.

माझं काम सगळ्यांच्या शेवटी चालायचं. त्याला इथे पिछाडी म्हणतात, आणि ते करणाऱ्या माणसालाही पिछाडीच म्हणतात. अंगात नारिंगी जाकीट. काका पुढून ‘पिछाडी?’ असं ओरडले की मी मागून ‘आहे!’ म्हणून ओरडायचं, म्हणजे मधलं कुणी हरवलेलं नाही हे त्यांना कळतं. दमलेली माणसं ओशाळतात, बाजूला होऊन आपल्याला वाट देऊ बघतात. ती घ्यायची नाही. त्यांना म्हणायचं, ‘पुढे व्हा, मी आहे मागे.’ काकांनी हे वाक्य माझ्याकडून पाढ्यासारखं घोकून घेतलं.

दादाला फोनवर सांगितलं तर तो हसून हसून बेजार. लहानपणी मी सतत त्याच्या मागे असायचे म्हणून तो मला शेपूट म्हणायचा. म्हणाला, चला, आता त्याचा पगारही मिळायला लागला!

माझी खोली बुटांच्या खोलीवर आहे. ओल्या चामड्याचा वास येतो, पण ऊबही येते. कपाटाच्या खणात गेल्या वर्षीच्या पिछाडीचे हातमोजे राहिलेत, चांगले जाड, तळव्याला चामडं लावलेले. मी म्हटलं, त्याला पाठवून देऊ या. काकू म्हणाल्या, राहू देत तिथेच.

२१ ऑक्टोबर

पहिली चाल झाली. पायांपेक्षा जीभ दुखतेय, कारण दिवसभर ती चावून धरली होती. एक निवृत्त शिक्षक आले होते, त्यांना प्रत्येक दगडाचा फोटो हवा. एका दंतवैद्य बाईंचे बूट नवे, त्यामुळे त्या दर वळणावर बसून बुटांना शिव्या घालत होत्या. माझ्यासारखीला सगळ्यांच्या मागे राहायला लावणं म्हणजे मांजराला दुधाची राखण. सारखं वाटत होतं, सरळ धावत सुटावं.

पण धारेवर गेले आणि गप्प झाले. दोन्ही बाजूंना तळी, एक हिरवं, एक जवळजवळ काळं. गवत गंजाच्या रंगाचं. सावलीत सकाळचं हिव तसंच होतं, पायाखाली कुरकुरत होतं. तिसऱ्या तळ्याच्या काठावर बर्फाचा पापुद्रा धरलाय, साईसारखा.

दंतवैद्य बाई खिंडीत रडकुंडीला आल्या होत्या. मी ते वाक्य म्हटलं तर त्यांचा चेहरा असा उजळला की मलाच भरून आलं. आपल्या मागे कुणीतरी आहे, एवढ्यावर माणूस किती चालतो!

२५ ऑक्टोबर

आज चाल नव्हती. बसून बसून कंटाळा आला म्हणून काकूंची भांडी घासली, बुटांची खोली झाडली. मग फोन वाजला आणि काकू मागच्या अंगणात होत्या म्हणून मीच उचलला.

गेल्या वर्षीच्या पिछाडीची आई होती. फार मऊ बोलत होत्या. माझा मुलगा खाली कधी येणार, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, अहो, तो तर गेल्या वर्षीच उतरला, पगार घेऊन घरी गेला, काकूंनीच मला सांगितलंय. तो घरी पोचला नाही का?

त्या म्हणाल्या, एक आलाय घरी. सगळे आत गेल्याशिवाय तो दारातून आत येत नाही. जेवायला बसतो, पण शेवटचा माणूस उठेपर्यंत नुसता बघत राहतो. तो वाईट नाहीये, त्या म्हणाल्या, पण माझा कधी येईल?

काकूंनी येऊन फोन घेतला आणि सवयीने बोलल्यासारखं दोनचार शब्द बोलून ठेवला. हा फोन दर आठवड्याला येतो म्हणे.

२९ ऑक्टोबर

धुकं. पुढचा माणूस दिसेना, तेव्हा काका सारखे हाक मारत होते. धारेवर मी ‘आहे!’ म्हटलं आणि लगेच माझ्या पाठीमागून कुणीतरी म्हटलं, ‘आहे.’

प्रतिध्वनी, असं मी स्वतःला सांगितलं. पण इथला प्रतिध्वनी मी आता ओळखते, तो समोरच्या कड्यावरून येतो. हा मागून आला. आणि मी ओरडले होते, तो ओरडला नव्हता.

मग खिंडीपर्यंत बारीक खडी सरकल्याचा आवाज येत राहिला. मी थांबले की तोही थांबायचा. दोनदा मागे वळून पाहिलं, नुसतं धुकं. संध्याकाळी काकांना विचारलं. ते बूट पुसत होते, ते काही त्यांनी थांबवलं नाही. वारा असेल, म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले असते तर कदाचित मी मानलंही असतं.

२ नोव्हेंबर

आनंदाची बातमी! दादा येतोय. आठ तारखेच्या शेवटच्या चालीला येईल, आणि मग मला गाडीत घालून घरी नेणार. वहिनीला दिवस गेलेत, हे मला आज सांगतोय, गाढव! भर थंडीत बाळंतपण, आणि वहिनीने बजावलंय की बाळाला पहिल्यांदा आत्याच्या मांडीवर द्यायचं. पुरे झाली तुझी भटकंती शेपटे, म्हणाला. मीही म्हटलं, पुरे झाली.

मी आत्या होणार. तेव्हापासून एका जागी बसवत नाहीये. मावशीने विणलेले माझे हातमोजे धुऊन वाळत घातले, पिशवी आत्ताच भरून ठेवली.

५ नोव्हेंबर

आज दिसला.

लख्ख ऊन होतं, त्यामुळे वारा म्हणायची सोय नाही. मी दुसरं तळं सोडून चढायला लागले आणि सहज मागे पाहिलं, तर तळ्याच्या काठाने एक माणूस येत होता. सडपातळ. अंगात पातळ सदरा, एवढ्या थंडीत. मला वाटलं आपल्यातलाच कुणीतरी मागे राहिला. मी थांबले. तर तो खाली बसला. हाक मारली, हात केला. तो बसूनच राहिला, पण तोंड माझ्याकडे.

मी कितीतरी वेळ थांबले. कुणाला मागे टाकायचं नाही, त्याचाच तर मला पगार आहे! शेवटी काका परत फिरून मला शोधत आले, तांबडेलाल झालेले. म्हणाले, सगळी माणसं पुढे आहेत, मी मोजलीत. मी बोट दाखवलं. त्यांनी त्या दिशेला पाहिलंसुद्धा नाही. आपला नसेल त्याच्यासाठी थांबायचं नाही, एवढंच म्हणाले.

मग कुणाचा तो?

काकूंनी सांगितलं. गेल्या वर्षी शेवटच्या चालीला काकांनी फाटकापाशी हाक मारली, मागून ‘आहे!’ आलं. नेहमीचाच आवाज. काकांनी वळून न बघता फाटक लावलं. मुलगा आत आला, जेवायला बसला. काकूंनी त्याचे हातमोजे शेगडीपाशी वाळवून त्याला दिले. हंगामभर वापरलेले हातमोजे. ते त्याच्या हातात जाईनात. बोटं लांब होती. काकूंनी त्याच्याकडे पाहिलं, त्याने काकूंकडे. सकाळी तो निघून गेला.

काकांना तेव्हाच सांगितलं, काकू म्हणाल्या. ते म्हणाले, मी आवाज ऐकला होता ना.

७ नोव्हेंबर

झोप नाही. काकांना म्हटलं, उद्या मी पिछाडी करत नाही. दुसरं कुणी नाही म्हणाले, आणि एवढ्या माणसांना मागे कुणी नसताना वर नेता येत नाही. ते खरंही आहे.

दादा दुपारी आला. त्याला सगळं सांगितलं, तो फोन, हातमोजे, सगळं. आधी हसला. मग माझा चेहरा बघून हसायचा थांबला. म्हणाला, उद्या मी तुझ्याबरोबर मागे चालतो, दोघांची पिछाडी. जरा हायसं वाटलं. तरी खोलीत येरझाऱ्या घालतेय. खालून काकूंनी विचारलं, कोण चालतंय वर?

८ नोव्हेंबर, पहिलं तळं

थांब्यावर लिहितेय. लिहिलं की मन ताळ्यावर राहतं. दादा हातमोजे विसरून आलाय, आणि त्याच्याकडून दुसरी अपेक्षाही नव्हती. माझा डावा त्याला दिला. त्याच्या पंजाला तो बोटांपुरताच येतो. लहानपणी असंच करायचो, एक जोडी दोघांत. बरोबर चालतोय, सारखा बडबडतोय. मागे कुणी नाही.

धारेवर

आभाळ आलंय. काका घाई करताहेत. मागे खडी सरकतेय. दादालाही ऐकू आली. तो बडबडायचा थांबला.

दुसरं तळं

शिक्षक पुन्हा आलेत, त्यांचा पाय मुरगळला. त्यांना धरून न्यायला काकांना धट्टाकट्टा माणूस हवा होता, आणि इथे धट्टाकट्टा एकटा दादाच. तो नाही म्हणत होता. मीच म्हटलं जा, शिक्षकांचे हाल बघवत नव्हते. प्रत्येक वळणावर वळून हात करतोय.

आता वळणाआड गेला.

खिंड

तो अगदी जवळ आलाय. मी चालले की चालतो. त्याचा श्वास ऐकू येतो, थकल्यासारखा. मागे बघत नाही. मी बघणार ना—

पुढे दादा आहे, खाली गाडी आहे. पण हा इतका हळू चालतो! मी पळू का? मागे एक माणूस थंडीत कुडकुडतोय आणि पिछाडीने पळायचं— नाही, आपला नाही तो, आपला नाही.

खिंडीखाली

म्हटलं मी. तोंडातून गेलं. तो पाठीशीच येऊन थांबला होता, थरथरत होता, आणि माझा जीव नुसता दादाकडे ओढत होता, वैताग आला होता, भीती वाटत होती. आणि रोज पन्नासदा म्हणते तसं मी बाजूला होऊन म्हटलं, पुढे व्हा, मी आहे मागे.

तो गेला पुढे. कोवळा मुलगा. उघडे हात निळे पडलेले. जाता जाता म्हणाला, आई वाट बघतेय. चेहरा दंतवैद्य बाईंसारखाच उजळला होता.

माझ्या अंगावर जाकीट नाही. मी काढलं नव्हतं.

तिसरं तळं

धावतेय. तो चालतोय. अंतर तेवढंच. नारिंगी जाकीट— पाठीवर माझी वेणी आहे. चाल माझी आहे. बिचारा आईकडे निघाला होता आणि खाली चाललाय तो मी होऊन—

दादाला हाका मारतेय. घसा फुटेस्तोवर. तळ्यावर पक्षी बसलेत, तेसुद्धा उडत नाहीत.

फाटक

काकांनी हाक मारली. मी ओरडले. माझ्याआधी पुढून माझाच आवाज आला, आहे!

पण काका या वेळी वळले. बघितलं त्यांनी. जाकीट बघितलं, वेणी बघितली, मान हलवली. फाटक लावलं.

फाटक हाताच्या अंतरावर आहे. कितीही चालले तरी हाताच्याच अंतरावर. काकू खिडकीत. दादा अंगणात, शिक्षकांना बसवून आला, तिच्या पाठीत धपका घातला. शेपटे म्हणाला तिला.

खिशातून माझा हातमोजा काढलाय. तिला घालून बघतोय. बघ दादा, नीट बघ, काय सांगितलं होतं मी— जात नाहीये. तो ओढतोय. जात नाहीये.

तो तिच्या तोंडाकडे बघतोय. बराच वेळ.

हसला. थंडीने बोटं सुजली म्हणतोय. तिचे हात हातात घेऊन चोळतोय.

गाडीचं दार उघडलं. आधी तो बसेपर्यंत ती थांबलीय. दादा, सगळे आत गेल्याशिवाय ती— सांगितलं होतं ना तुला मी. दादा, वहिनीला सांग. बाळ तिच्या मांडीवर देऊ न—