वरपक्षाचा पोर्ट

फ्रीगंज, उज्जैन
९ डिसेंबर २००२

ती. सुलूआत्या,

वाकून नमस्कार. थंडीत तुझे गुडघे कुरकुरत असतील. तेल लावून घेत जा, नुसतं देवाला सांगून भागत नाही. इथेही ठंड मस्त पडलीय. माई तिळाची चटणी कुटतेय. बापू ऊन खात बसतात आणि माझ्याशी बोलत नाहीत. शालू कोणत्या रंगाचा घेऊ, असं विचारलंयस. त्याचं नंतर सांगते.

आधी कामाचं ऐक. गल्लीतल्या घरांना मी इंटरनेट देते ना, त्या सगळ्या तारा माझ्या खोलीतल्या एका डब्यात येतात. स्विच म्हणतात त्याला. प्रत्येक घराच्या तारेला त्यात आपापलं भोक, तो पोर्ट. पण बाहेर जाणारी लाइन सगळ्यांत मिळून एकच, गल्लीच्या मोरीसारखी. एका घराने टाकीभर पाणी एकदम सोडलं की बाकीच्यांच्या न्हाणीत तुंबणारच. भय्यासाहेबांच्या घरून तेच चाललं होतं. त्यांच्या श्रीकांतचा कॉम्प्युटर दिवसभर जगाला गाणी आणि पिक्चर वाटत बसायचा, आणि समोरच्या अनसूयावहिनींचं काम अडायचं.

यजमानांची मिल बंद पडल्यापासून वहिनी अमेरिकेतल्या डॉक्टरांचं बोलणं ऐकून टाइप करून पाठवतात. घर त्यावरच चालतं. कंपनीने बजावलं, आता एकदा जरी फाइल उशिरा आली तर काम बंद. मग मी प्रत्येक पोर्टला हद्द घातली. त्या घरातून स्विचमध्ये इतकंच येईल, जास्त आलं तर स्विच टाकून देईल. सगळ्यांना सारखं, आपल्या घरालाही. वहिनींच्या फाइली वेळेत जायला लागल्या.

झालं! दुसऱ्याच दिवशी भय्यासाहेब दारात हजर. फक्त त्यांच्या पोर्टची हद्द काढून तो मोकळा सोड म्हणाले. मी नाही म्हटलं.

"जयू, वरपक्षाला काही मान असतो की नाही?"

मी म्हटलं, मानाचं पान लग्नात वाढू, इथे सगळे एकाच पंगतीत. ते फणकाऱ्याने निघून गेले.

बापूंना वाटलं, हा व्याह्यांचा रुसवा. रुसवा काढायचा म्हणजे शेला-नारळ! घेऊन गेले की बिचारे. आणि येताना मला न विचारता शब्द देऊन आले की जयू आजच पोर्ट मोकळा करेल. मला म्हणाले, बेटा, खामखा बात वाढवू नकोस, लग्न तोंडावर आलंय. मी केला नाही. बापूंचा शब्द खाली पडला, त्याचं मला वाईट वाटतं. पण तो माझा शब्द नव्हता.

संध्याकाळी श्रीकांत आले. एवढ्याशा गोष्टीसाठी का अडून बसलीस, म्हणाले. एवढीशीच आहे तर तुम्हीच सोडा ना, मी म्हटलं. वहिनींचं काम जाईल, हेही सांगितलं. लहानपणी त्यांच्याच हातचे बेसनाचे लाडू खाऊन वाढलाय हा माणूस.

"मिळेल त्यांना दुसरं काम."

आत्या, मी अंगठी काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली.

शालू घेऊ नकोस. स्थळ तू आणलं होतंस, तुला बोल लागेल, ते मला ठाऊक आहे. जयूने एका डब्यापायी सोन्यासारखं स्थळ घालवलं, असं पार देवास गेटपर्यंत गावभर झालंय. म्हणू देत. लग्न मोडलं असं कुणाला सांगू नकोस, जयूने मोडलं असं सांग. रडले मी, हो. आवडायचे ते मला, खोटं कशाला बोलू? पण आज पुन्हा कुणी विचारलं तरी उत्तर तेच.

आता मी भय्यासाहेबांची तार कापणार, असं गल्लीला वाटत होतं. का कापू? चालू आहे, सगळ्यांच्याइतकीच.

कुणाच्याही मानासाठी न वाकणारी, आणि तुझ्या पायांवर मात्र डोकं ठेवणारी,
तुझीच
जयू