उत्तमची विजेची हंडी

कोलशेत, ११ ऑगस्ट १९८७

चि. सौ. जनीस मंजुळाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

नारळी पुनवेला येते म्हणालीस आणि आली नाहीस. आंबिवलीला गेल्यापासून धाकट्या बहिणीला आमची खाडी नको झाली की काय?

माझ्या उत्तमने आखातातून आणलेली विजेची हंडी आठवते ना? जहाजावर स्वयंपाक करणारा पोरगा घरी आला की मलाच शिकवायचा. बटाटे किसायचे, कांदा, दूध, लोणी आणि डब्यातलं चीज घालायचं. सकाळी बाजाराला निघताना बटण लावायचं, मासळी विकून संध्याकाळी आलं की आयतं गरम जेवण. मधे झाकण उघडू नकोस, एवढंच बजावायचा.

पुनवेला त्याची फार आठवण आली, म्हणून वर्षभराने पहिल्यांदाच हंडी लावली. मी निघाले आणि गावातली लाईटच गेली, ती संध्याकाळपर्यंत नव्हती. कुलूप काढून आत आले तर हंडी एवढी तापलेली की हात लावता येत नव्हता. चीज कडेने तांबूस झालेलं, आणि खाली ताटलीत वाढून ठेवलेलं. अंगावर काटा आला गो. पण खोटं कशाला सांगू, आनंदही झाला.

जहाज बुडून वर्ष झालं, पण उत्तम काही कुणाला सापडलेला नाही. सगळे म्हणतात, सर्वपित्रीला त्याचं पान ठेव. जित्या पोराचं पान ठेवू? तो घरी येतो, वाढून घेतो आणि न जेवता जातो. आता तो जेवेपर्यंत मीही रात्रीचं जेवणार नाही. चहापावावर भागवते.

मनातून उतरवू नकोस.
तुझी मंजुळाताई

आंबिवली, २० ऑगस्ट १९८७

ती. मंजुळाताईस जनीचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. मग म्हटलं, लाईट मधे येऊन गेली असेल. दुसरी किल्ली शेजारच्या कांताकडे असते, तिनेच वाढलं असेल. विचारलंस का तिला?

जेवण सोडलंस ते वाचून मात्र डोकं फिरलं. आधीच हाताच्या काड्या झाल्यात तुझ्या. सर्वपित्रीला मी येते. पान ठेवू, त्यात त्याच्याच हंडीतले बटाटे वाढू. कावळा शिवला नाही, तर उत्तम जिवंत आहे असं मानेन आणि पुन्हा तोंड उघडणार नाही. शिवला, तर गुपचूप जेवायला बसायचं. कबूल?

माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझी जनी

कोलशेत, २४ सप्टेंबर १९८७

चि. सौ. जनीस अनेक आशीर्वाद.

हरलीस ना? शेजारच्यांच्या पानांवर कावळे तुटून पडले, आपल्या पानाकडे एकाने मान वळवली नाही. पण तू घोटभर पाणी न घेता निघून गेलीस. हरलीस म्हणून एवढा राग?

माझा उत्तम जिता आहे. हंडी आता रोज भरून ठेवते. कधी बटण लावायला विसरते, तरी संध्याकाळी गरम असते.

राग विसर आणि लोभ धर.
तुझी मंजुळाताई

आंबिवली, ३० सप्टेंबर १९८७

ती. मंजुळाताईस शिरसाष्टांग नमस्कार.

रागाने नाही गं, भीतीने पळाले. तू अंगणात कावळ्यांना बोलावत होतीस, तेव्हा मी पाण्याला आत गेले. हंडी मीच विसळून, वायर गुंडाळून फळीवर ठेवली होती. तिचं झाकण थडथडत होतं. आणि खाली वाढलेली ताटली, वाफ निघत असलेली.

ताटली कुठे होती सांगू? तुझ्या पाटासमोर. वर ती खरपूस कड ठेवलेली. उत्तमने ती कड कधी खाल्ली होती का? आयला आवडते म्हणून तुझ्यासाठी काढून ठेवायचा. कांता मला कल्याणला भेटली. पुनवेला ती लेकीकडे होती, किल्ली तिच्याच कमरेला.

ताई, तो जेवायला येत नाही, तुला जेवायला घालायला येतो. तू उपाशी आहेस म्हणून त्याचा पाय निघत नाही, म्हणून कावळा शिवत नाही. पोराला मोकळं कर. जेव गो.

रडतरडत लिहिलंय, चुकलं असेल तर पदरात घे.
तुझी जनी

कोलशेत, ९ ऑक्टोबर १९८७

चि. सौ. जनीस अनेक आशीर्वाद.

ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. जित्या माणसाने दार ठोठावलं असतं. मी जेवले की तो जाणार, म्हणून तर जेवत नव्हते.

काल बाजारातून आले. ताटली पाटासमोर होती. बसले आणि आधी कड खाल्ली. मीठ थोडं जास्त होतं, त्याचा हात तसाच. मग मोठ्याने म्हटलं, बाळा, जेवले बघ. रोज जेवीन. तू आता थांबू नकोस. शेवटचा घास पत्र्यावर ठेवला. हात मागे घेते न घेते तोच कावळा घेऊन गेला.

आज बटण लावून गेले. लाईट दिवसभर होती. आले तर बटाटे कच्चे आणि हंडी गार. वायरमन गोपीनाथला दाखवली. तो म्हणाला, मावशी, आतली तार केव्हाच जळली आहे, गंज चढलाय. ही हंडी वर्षभरात तापलीच नसणार.

हंडी फळीवर ठेवून दिली. बटाटे चुलीवर शिजवले आणि एकटीच जेवले. शब्द दिलाय ना त्याला.

तूही वेळेवर जेवत जा.
तुझी मंजुळाताई