हमाल पडला, टाळ्या वाजल्या

ती. दादास,

तुझ्या धाकट्या आतेबहिणीचा वाकून नमस्कार. (साष्टांग लिहिणार होते, पण प्रत्यक्ष न घातलेला नमस्कार कागदावर घालावा का, यात पाच मिनिटं गेली. वाकले मात्र खरंच होते, पेनाचं टोपण टेबलाखाली गेलं होतं.) तुझा खोकला कसा आहे? वहिनींचे गुडघे जिने चढू देतात का? तुझ्या मागच्या पत्राला चार महिने उत्तर दिलं नाही. डायरी चाळली तर ‘दादाला लिहिणे’ अशी नोंद अकरा वेळा सापडली, पैकी चार वेळा अधोरेखित. म्हणजे विसरले नव्हते, नुसती टाळत होते, आणि हे जास्त वाईट. आज सोमवारी लिहायला बसले ती प्रेमाने बसले असं मला लिहायला आवडलं असतं.

इकडे सगळं क्षेम आहे असं पुढे लिहायची रीत आहे. आई क्षेम आहे. तिचा रक्तदाब माझ्यापेक्षा चांगला आहे. मी मात्र शनिवारपासून दाराची बेल वाजली की आधी माझ्या चपला कुठे आहेत ते बघते. फोन मी उशीखाली ठेवते आणि उशीवर बसते. गुरुवारी संध्याकाळी आठला काय व्हायचं ते होईल. पण आठ वाजेपर्यंतचं काय करायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही.

तुझे शनिवारचे लेख तुझी आत्या कात्रीने कापून ठेवते. मालिका, सिनेमे, जाहिराती यांत व्हिडिओ गेम दाखवताना लोक काय घोळ घालतात ते तू लिहितोस, आणि आई जेवताना ते मोठ्याने वाचते. वायर न जोडलेला कंट्रोलर दाबून जग वाचवणारा नायक, खेळातल्या गुणांवरून खुनी पकडणारा इन्स्पेक्टर, टूथपेस्टच्या जाहिरातीत लेव्हल ओलांडणारे किडे. आई हसून हसून पाणी मागते. मी हसत नाही. आमच्या मालिकेचा नंबर कधी लागतो याची मी दोन वर्षं वाट बघते आहे, वाघाच्या पिंजऱ्यात झाडू मारणारा माणूस वाघाच्या जांभईची बघतो तशी.

माझं काम तुला ठाऊक आहे, तरी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मालिकेत मी कंटिन्युइटी बघते. कप डाव्या हातात होता की उजव्या, पदर कुठल्या खांद्यावर होता, जेवणाच्या टेबलावरचं फूल कालच्याइतकंच कोमेजलं आहे का, हे सगळं लाल पुठ्ठ्याच्या रजिस्टरमध्ये लिहायचं, आणि प्रत्येक दृश्यापुढे ‘बरोबर’ लिहून सही करायची. सहा वर्षांत एक हजार नऊशे भाग झाले. एकदाच चुकले, सासूबाईंच्या हातातली बांगडी दार ओलांडताना बदलली होती. त्या रात्री मी डायरीची सात पानं भरली होती.

आता आमच्या मालिकेतले धाकटे जावई. दोनशे बारा भाग सासूबाई त्यांच्याशी बोललेल्या नाहीत, कारण ते दिवसभर गेम खेळतात. (खऱ्या आयुष्यात ते नट पहाटे उठून बागकाम करतात.) चॅनेलवाल्यांनी कळवलं की तरुण प्रेक्षकांना हल्ली अशा गोष्टी आवडतात, तेव्हा जावयांना मोठी स्पर्धा जिंकू द्या आणि सासूबाईंना विरघळू द्या. संवादलेखकांनी लगेच लिहून दिलं. त्यांनी जन्मात गेम खेळलेला नाही. त्यांना जे माहीत आहे ते दुसऱ्या मालिका बघून. त्या मालिकांच्या लेखकांनी तिसऱ्या बघितलेल्या असणार. मला वाटतं, टीव्हीतले गेम हे असे टीव्हीतूनच जन्मतात, त्यांना आई-बाप असे नसतातच. म्हणून टीव्हीवर गेम खेळणारा माणूस सायकलवरून वळल्यासारखा डावीउजवीकडे झुकतो. हे मी तुझ्याच लेखात वाचलं होतं, आणि जावई झुकले तेव्हा त्यांना सरळ बसा म्हणण्याची माझी हिंमत झाली नाही. ही पहिली चूक, आणि ती माझी.

खरा प्रसिद्ध गेम दाखवायला परवानगी लागते. ती आली नाही. मग एका बाईंनी घरी बसून एकटीने बनवलेला छोटासा गेम घेतला. एक हमाल डोक्यावर ट्रंक घेऊन उंच इमारतीचे जिने चढतो, बस्स इतकंच. पडद्यावर दिसायला कुणीतरी तो खेळून चित्रित करायला हवा होता. सगळ्यांना कामं होती. मॅडम (आमच्या दिग्दर्शिका) माझ्याकडे बघून म्हणाल्या, हिचा हात स्थिर आहे, ही खेळेल.

दादा, मेकअपरूममध्ये बसून मी चाळीस मिनिटं खेळले. हमाल सारखा घसरत होता, आणि घसरला की काय सांगू, ट्रंक उघडायची, आतले रंगीबेरंगी कपडे पतंगांसारखे वर उडायचे, बँड वाजायचा, आकाशातून सोनेरी कण पडायचे. मेकअपवाल्या ताई टाळ्या वाजवायच्या. मीही खूश झाले; इतक्या लवकर इतक्या वेळा मी आयुष्यात कधी जिंकले नव्हते. पडद्यावर काही अक्षरंही उमटायची, पण ती टीव्हीवर वाईट दिसतात म्हणून मॅडमनी आधीच काढायला लावली होती. मी रजिस्टरमध्ये नोंद केली, ‘अक्षरे काढली.’ अक्षरं काय होती ते वाचलं नाही. ही दुसरी चूक. हीही माझीच.

मग सीन झाला. जावई झुकले, हमालाचे कपडे उडाले, बँड वाजला, जावई ढसाढसा रडले, अख्ख्या कुटुंबाने टाळ्या वाजवल्या, आणि सासूबाईंनी दोनशे बारा भागांनंतर त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. तीन बाजूंनी चित्रित झालं. लाइटवाले काका डोळे पुसत होते. मी लिहिलं, ‘बरोबर.’ सही केली.

शनिवारी सकाळी मी घरी तो गेम पुन्हा लावला. (मॅडमच्या परवानगीने, चिठ्ठी जपून ठेवली आहे.) हमाल जपून चढवला, आणि काय झालं कुणास ठाऊक, तो गच्चीवर पोचला. पोचला आणि बँड वाजला नाही. त्याने ट्रंक खाली ठेवली, तिच्यावर बसला, खांद्यावरच्या फडक्याने तोंड पुसलं. लांब कुठेतरी वाळत घातलेली चादर हलत होती. एवढंच. मला वाटलं यंत्र बिघडलं. मी गेम बनवणाऱ्या बाईंना फोन केला.

त्या म्हणाल्या, “अहो, तो पडला की वाजतं ते. हरलेल्या माणसाला निदान हसू तरी यावं.”

मी विचारलं, मग जिंकल्यावर?

“जिंकल्यावर कशाला वाजवायचं? दमलेला असतो बिचारा.”

तेव्हापासून पाचावर धारण बसली आहे ती उठलेली नाही. म्हणजे गुरुवारी आठ वाजता, लाखो लोकांसमोर, देशातले सर्वोत्तम खेळाडू असलेले आमचे जावई जिन्यावरून धडाधड पडणार, त्याबद्दल घरचे टाळ्या वाजवणार, आणि सासूबाई आशीर्वाद देणार. खाली माझी सही.

तू म्हणशील, जाऊन सांग. आई तेच म्हणाली. पण तुला मॅडम माहीत नाहीत. त्या ओरडत नाहीत, त्यांचा आवाज खाली जातो. जितका खाली जातो तितका माणूस बाहेर जातो. कपडेपट सांभाळणाऱ्या बाईंनी एकदा निदर्शनास आणलं होतं की मेलेले काका लग्नाच्या सीनमध्ये मागे जेवताना दिसतात. मॅडम हळूच म्हणाल्या, तुमच्यावर कामाचा भार फार पडतो. मग तो भार रोज थोडा थोडा कमी होत गेला, आणि एक दिवस त्या बाई त्यांच्या डब्यासकट दिसेनाशा झाल्या. मला हे काम सोडून दुसरं काही येत नाही. कप डाव्या हातात होता की उजव्या, याची गरज जगात आणखी कुठे असते?

तरी आज सकाळी गेले. वाटेत वाक्य पाठ केलं होतं. मॅडमनी मला खुर्ची दिली. (सहा वर्षांत प्रथमच. माझ्या तोंडचं पाणी तिथेच पळालं.) म्हणाल्या, तो सीन चॅनेलला इतका आवडला आहे की उद्यापासून जाहिरातीत तोच तुकडा, आणि हमालाचे कपडे उडतात तो भाग तू निवडलास हे मी सगळ्यांना सांगितलं आहे. मी म्हणाले, मॅडम, ही खुर्ची डगमगते. आणि बाहेर आले. दादा, डगमगत खुर्ची नव्हती. मी ते खोटं बोलले का, याचा दुपारभर विचार करते आहे.

आई तुला आशीर्वाद सांगते. वहिनींना नमस्कार. खोकल्याची हयगय करू नकोस.

तुझी,
आतेबहीण

ता. क. एक विनंती राहिली. गुरुवारी आठ वाजता तुम्ही दोघं कुठेतरी बाहेर जा ना. हवा चांगली असते.

ता. क. २. वरची विनंती रद्द समज. तू बघू नयेस म्हणून तुला बाहेर धाडणं म्हणजे साक्षीदार पळवणं झालं. बघ, आणि लिहायचं ते लिही. फक्त ‘सही करणारी व्यक्ती’ असा उल्लेख करू नकोस. (हेही मागणं योग्य नाही. पण खोडलं तर कागद फाटेल.)

ता. क. ३. मंगळवार, दुपार. पत्र टपालात टाकायला निघाले आणि पाय मॅडमच्या खोलीकडे वळले. उभ्यानेच सगळं सांगितलं. हमाल गच्चीवर बसतो तेही सांगितलं. त्यांनी विचारलं, हे आणखी कुणाला माहीत आहे? ‘कुणालाच नाही’ म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, आईला, आणि पत्र पोचलं की माझ्या दादाला. कुठला दादा, त्यांनी विचारलं. मी तेही सांगितलं. दादा, त्यांचा आवाज इतका खाली गेला की मला तीनदा ‘काय?’ म्हणावं लागलं.

ठरलं ते असं. जाहिरात थांबवायची, टाळ्या कापायच्या, बँड कापायचा. जावई खेळतात, हमाल गच्चीवर पोचतो, तोंड पुसतो, आणि कुणी काही न बोलता सासूबाई हात ठेवतात. मॅडम म्हणाल्या, हे आधी का नाही सुचलं. फक्त हमाल पोचलेलं चित्र आपल्याकडे नाही. शनिवारी मी ते टिपून ठेवलं नव्हतं, आणि हे ठरल्यापासून तो एकसष्ट वेळा पडला आहे. गेम बनवणाऱ्या बाई गावाला गेल्या आहेत, फोन लागत नाही. उद्या तीन वाजता संकलन बंद होतं.

तेव्हा तू ये, आणि एकदा जिंक. हे फोनवर सांगायचं होतं, पण फोनवर माझी बोबडी वळते, म्हणून हेच पत्र मॅडमच्या ड्रायव्हरच्या हाती देते आहे. तू स्वतः खेळल्यावर त्या भागाविषयी शनिवारी लिहिणं तुला शोभेल का, हे मला ठरवता आलं नाही. मॅडमना ते लगेच ठरवता आलं.

गाडी तुझ्या दाराशी एक तास थांबेल. तू आलास तर तुला घेऊन इकडे येईल. नाही आलास तर तशीच परत येऊन मला माझ्या सामानासकट घरी सोडेल. मॅडमनी दोन्ही कामं एकाच गाडीला सांगितली आहेत.