आरामखुर्चीचा उजवा हात

फणसवाडी, गिरगाव
शनिवार

तीर्थस्वरूप चिंतामणीभाऊजी यांस,

हेरंबचा साष्टांग नमस्कार. नलूताईच्या गुडघेदुखीला उतार पडला असेल आणि रे रोडच्या कारखान्यातील करवतींनी आपल्या कानांवर अजून दया ठेवली असेल, अशी आशा करतो. पत्रास कारण की, माझ्या खुर्चीचा एक अवयव मला सार्वजनिक ठिकाणी आढळला. परंतु मुद्दे क्रमाने घेऊ. (निवृत्त झाला तरी संख्याशास्त्राच्या प्राध्यापकाला क्रम सोडवत नाही.)

आमच्या प्रवासी मंडळाने बससेवेची गुणवत्ता मोजण्याचे काम माझ्यावर सोपवले. तत्त्व सोपे आहे: प्रवाशाची अपेक्षा आणि त्याला आलेला अनुभव यांतील अंतर जितके कमी, तितकी सेवा चांगली. प्रतीक्षा, स्वच्छता, वाहकाचे सौजन्य, बसण्याची सोय, प्रत्येकाला पाचपैकी गुण. मी नाक्यावरच्या थांब्यावर उभा राहिलो. पहिल्या बकुळाताई, हिंदमाताजवळ साड्यांच्या दुकानात काम करतात. मी पहिला प्रश्न वाचतो न वाचतो तोच बस आली. "काका, आली बघा! उरलेलं उद्या विचारा," म्हणत त्या चढल्यासुद्धा. पुढेही तेच. ज्याला बस वेळेवर मिळते तो प्रश्न अर्धे टाकून जातो. शेवटच्या प्रश्नापर्यंत शांतपणे (हा शब्द मी सौजन्यापोटी वापरतो आहे) थांबतो तो ज्याची बस येतच नाही तोच. माझ्या नमुन्यात निव्वळ संतापलेली माणसे उरली. दवाखान्यात बसून गावाचे आरोग्य मोजण्यासारखेच हे!

हताश होऊन, मंडळाने आपल्याच कारखान्यातून करवून घेऊन नुकत्याच बसवलेल्या बाकावर टेकलो. त्याला एकाच कडेला लाकडी हात आहे. त्यावर माझा हात गेला आणि अंगठा आपोआप एका खळग्यात बसला. भाऊजी, तो खळगा उत्तरपत्रिका तपासताना मीच नखाने पाडलेला! शेजारी चहाच्या पेल्याचे काळे वर्तुळ. आमच्या सौ. सुनेत्राने आपल्याकडे 'पॉलिशला' धाडलेली माझी आरामखुर्ची ती हीच!

घरी जाऊन जाब विचारला. ती म्हणाली, "दादरच्या व्याख्यानात तुम्हीच सांगितलंत ना, जुन्या वस्तूंचा माल कारखान्यांनी पुन्हा वापरात आणावा म्हणून? टाळ्या वाजवल्या मी." (वाजवल्या होत्या. सर्वांच्या आधी.) मी चक्राकार अर्थव्यवस्था तिला पुन्हा समजावली: वस्तू आधी पुरेपूर वापरायची, मग दुरुस्त करायची आणि अगदीच निरुपयोगी झाली तरच सुटी करायची. माझी खुर्ची पहिल्याच पायरीवर होती. मी रोज तिच्यात बसत होतो! "तेच तर," सुनेत्रा म्हणाली, "उठत कुठे होतात?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा थांब्यावर जाऊन त्या हाताशी टेकलो, तर समोर कुशाबा उभे. हे जुने गिरणी कामगार. रोज लेकीकडे लालबागला जातात. "मास्तरांनू, वायच तिकडे सरका. ही कडेची जागा माझी." निमूट सरकलो आणि प्रश्न विचारले. प्रतीक्षा, शून्य. स्वच्छता, शून्य. सौजन्य म्हणताच ते नुसतेच हसले. बसण्याची सोय मात्र पाचपैकी पाच! "हो हात आसा म्हणान उठूक गावता." (म्हणजे, हा हात आहे म्हणून त्यांना उठता येते.) संपूर्ण सर्वेक्षणात पैकीच्या पैकी गुण मिळाले ते माझ्या खुर्चीला, आणि तिचा उपभोग दुसरा घेतो आहे! याहून तर्कशुद्ध अन्याय मी पाहिलेला नाही.

मुलांना आशीर्वाद, ताईस नमस्कार. कृपादृष्टी असावी.

आपला,
हेरंब

ता. क. एवढ्या मजकुराचे तात्पर्य एकच: बाकाचा तो हात काढून माझी खुर्ची होती तशी जोडून पाठवावी.

ता. क. २ वरचे रद्द समजावे. पत्र टाकायला निघालो, तेव्हा कुशाबा त्याच हाताला धरून उठत होते. खुर्चीचा डावा हात आपल्या कारखान्यात पडलेला असेलच. तो बाकाच्या दुसऱ्या कडेला बसवून द्यावा. अंगठ्याचा खळगा माझा मी नव्याने पाडून घेईन. सुनेत्राला मात्र यातले काही सांगू नये. मी रोज सर्वेक्षणाला जातो, असे तिला वाटते.