कातळाखालचा रोशा

राहुरी, १२ डिसेंबर १९७२

ती. मुक्ताताईस, धाकट्या आसारामचा शि. सा. नमस्कार वि. वि.

मी खुशाल आहे. दुष्काळात तुमचं कसं चाललंय, याचीच काळजी.

इथल्या प्रयोगाच्या शेतावर ठिकठिकाणचं, अत्तराच्या तेलाचं रोशा गवत आम्ही एकाच वावरात लावलं होतं. माती तीच, पाणी तेच, दिसायलाही सारखंच. पण भट्टीत उकळलं तेव्हा कुणाचं तेल थेंबभर, कुणाचं कितीतरी जास्त; कुणाला सुंठीचा वास, कुणाला गुलाबाचा! आपल्या डोंगरावरून मी आणलेल्या ठोंबानं तर सगळ्यांना मागं टाकलं. आणि नेमका तोच उन्हाळ्यात वाळला. त्याच्या बियांची रोपं केली, तर एकही लेकरू आईवर गेलं नाही. मी थक्क झालोय, ताई.

त्या ठोंबाचा अर्धा भाग मी देवीच्या कातळाखाली तसाच ठेवला होता. जिवंत असेल का? पाहशील? तुझ्या मायेवर हक्क आहे म्हणून सांगतो.

तुझा, आसाराम

कातळवाडी, ९ जानेवारी १९७३

चि. आसाराम यास, ताईचे लई आशीर्वाद.

समदी जित्ती हाईत, म्हंजी खुशालच. आमी दुष्काळी कामावर खडी फोडतो, आन् काम तुझ्या कातळापाशीच आलंय. मी गेले तवा मुकादम दुसऱ्या दिशी सुरुंग लावनार हुता. गवत पार वाळल्यालं. बुडखा नखानं खरवडला, तर आत हिरवा! मुकादमाला थांबा म्हनलं, तर म्हनला, गवतापायी काम थांबवू व्हय? मग माझ्यासंगं खडी फोडनाऱ्या छबूबाईनं पात चुरगाळून त्याच्या नाकापाशी धरली. त्यानं परत परत हुंगली. म्हनला, जेवनाच्या सुट्टीत काढा.

आमी बाया पहारी घिऊन बसलो. मुळं लई खोल, दगडाच्या चिरेत. प्यायच्या पान्यातलं शिंपून पोत्यात बांधलंय. रंगनाथभावजी एस्टीनं घिऊन येत्यात. माझ्या हाताचा वास अजून जात न्हाई. असल्या उपाशी दगडात ह्यो कसा राहिला रं?

ताईला इसरू नगंस.

मुक्ता

राहुरी, ४ नोव्हेंबर १९७३

ती. ताईस, सा. नमस्कार.

ठोंब जगला! पावसाळ्यात मुळं फोडून ओळी लावल्या, त्या फुलावर आल्या. काल भट्टी लावली. काचेच्या नळीत तेल पाण्यावर तरंगत चढत राहिलं, थेट मागच्या वेळच्या खुणेपर्यंत. वासही तोच. एवढा दुष्काळ सोसूनही मूळ बदललं नव्हतं. प्रयोगाचे साहेब नळीकडे पाहत उभे राहिले.

छबूबाईंना घेऊन देवदिवाळीनंतर ये. वावरात सगळ्या डोंगरांच्या ओळी शेजारी शेजारी आहेत. डोळे मिटून चाललं तरी कळतं, आपला डोंगर कुठून सुरू होतो ते.

वाट पाहतो. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा, आसाराम