रस्त्याच्या बाजूची कडी

मु. धावडा, ता. भोकरदन

आदरणीय कल्याणदाजींस,

बद्रीनाथचा रामराम. आक्काचे गुडघे आणि तुमची साखर, दोन्ही आटोक्यात राहोत म्हणून मारुतीरायापुढे रोज हात जोडतो. (साखरेचा सगळा भार त्याच्यावर टाकू नका. दिवाळीला आमच्याकडे किती पेढे खाल्ले ते त्यानेही पाहिले आहे.) फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही मला पहिले वाक्य पुरे करू देत नाही, आणि हे प्रकरण लांबचे आहे.

अर्पितासाठी तुम्ही नवीन जालन्याचे स्थळ सुचवले, पाव्हणे धाडले आणि स्वतः आक्काच्या गुडघ्याचे कारण सांगून घरी राहिलात. ते स्थळ मला पसंत नाही. का, ते सांगायला फाटकापासून सुरुवात करावी लागेल.

पाव्हण्यांवर छाप पडावी म्हणून मी नवे लोखंडी फाटक करायला टाकले. चित्र मीच काढले. ओट्यावर बसून, समोर दिसेल तसे: दोन झडपा, मधोमध कडी, वर ‘सुस्वागतम’. अर्पिता म्हणाली, आबा, कोणत्या बाजूने बघितलंय ते लिहा. (आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स केल्यापासून तिला घरातली परातसुद्धा वरून वेगळी आणि बाजूने वेगळी दिसते.) मी म्हणालो, फाटक म्हणजे फाटक, त्याला बाजू कसली. वेल्डरने कागदाबरहुकूम काम केले आणि कडी रस्त्याच्या बाजूला बसवली. जाब विचारला तर म्हणतो, “काका, अक्षरं सुलटी हायेत. म्हंजे तुम्ही रोडवरूनच बघून राह्यले ना?” आता अक्षरे उलटी काढायला मी काय वेडा आहे? पण पाव्हणे दुसऱ्याच दिवशी येणार होते. राहू दिले.

पाव्हणे आले, पोहे झाले. मुलाच्या वडिलांनी जमीन, विहीर, भावाचा हिस्सा, सगळे खोदून विचारले. (वस्तू मधोमध कापून आत काय आहे ते दाखवायचे, त्याला ड्रॉइंगमध्ये छेद म्हणतात. हे अर्पिताने नंतर सांगितले, मला अनुभव आधी आला.) मुलगी मात्र त्यांनी एकाच बाजूने पाहिली. समोरून, खाली मान घातलेली.

निघायला उठले तर फाटक उघडेना. शेजारच्या कडूबाने जाताजाता ते नुसतेच लोटलेले पाहिले, शेजारधर्म म्हणून बाहेरून कडी लावली आणि तो बाजाराला गेला. पत्रा अखंड, हात घालायला फट नाही. गल्लीतले सगळे शेतात. कडूबाला फोन लावला तर तो त्याच्या बंद घरात वाजताना आम्हालाच ऐकू आला. पाव्हण्यांचा ड्रायव्हरही आमच्याच ओट्यावर तिसरा चहा पीत होता.

सगळे घामाघूम, आणि हा मुलगा, हरिओम (कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात आहे म्हणून तुम्ही ज्याचे एवढे गुण गायले), स्वतःच्या बायोडाटाच्या पाठीमागे माझे फाटक काढत बसला. समोरून, वरून, बाजूने, कडी आतल्या बाजूला घेऊन. बारीक बाण काढून मापे, तीही मिलिमीटरमध्ये. खाली कोपऱ्यात चौकटी: काढले, तपासले, मंजूर. मग सगळ्यांदेखत मला म्हणतो, “मामा, वेल्डरची चूक न्हाई. ड्रॉइंगवर बाजूच लिहिली न्हाई, चूक तिथं हाये.” ते ड्रॉइंग कोणी काढले हे त्याने विचारले नाही, एवढा संस्कार आहे. देवाला सगळ्या बाजूंनी एकदम दिसते, माणसाला तीन आकृत्या लागतात, हे मलाही कळते. पण पन्नाशीला आलेल्या माणसाला त्याच्याच अंगणात कोंडून हे शिकवायचे का?

दीड तासाने अर्पिताने पदर खोचला, पाण्याच्या टाकीवर चढली आणि नव्या साडीसकट भिंतीवरून पलीकडे उतरली. कडी तिनेच काढली. तिच्या आईने डोळे मिटून घेतले होते. त्यातच कडूबा पिशवी घेऊन हजर. “म्हनलं शेळ्या घुसतेल आत, म्हून लावली कडी. पोरगी भिंतीवर काऊन चढल्ती?” पाव्हणे गाडीत बसले.

तेव्हा दाजी, हे स्थळ नको. पहिल्याच भेटीत जो फाटकाची चूक काढतो, तो पुढे सासऱ्याच्या किती काढील? त्यांना गोड शब्दांत नकार कळवा. गोडाचे काम तुमच्याइतके कोणाला जमत नाही.

आपला,
बद्रीनाथ

ता. क. कडी काल आतल्या बाजूला बसवून घेतली, त्या मुलाच्या कागदाप्रमाणे. एका बोटाने सरकते. हे त्यांना सांगायची गरज नाही.

ता. क. २: त्या कागदात अर्पिताने लाल पेन्सिलीने एक चूक काढली आहे. रस्त्यावरून बघताना आतली कडी दिसत नाही, आणि असून न दिसणारी गोष्ट तुटक रेघेने काढतात. त्याने अखंड रेघ ओढली होती. ‘तपासले’च्या चौकटीत तिची सही आहे. त्याने चूक कबूल केली, असेही ती म्हणाली. कधी आणि कशी, असे मी विचारले तर तिची आई घाईघाईने पोळ्या लाटू लागली.

ता. क. ३: नकार कळवला नसेल तर कळवू नका. पाव्हण्यांना गुरुवारी पुन्हा घेऊन या, आणि या वेळी तुम्हीही या. कडूबाला मी आधीच आत बोलावून बसवतो. ‘मंजूर’च्या चौकटीत मी सही केली आहे, पण ती फाटकापुरती, एवढे मुलाला सांगा. बाकीचे बोलायला आतून कडी लावून बसू.