डावं दार

भोर, ९ मार्च २०२५

चि. भाई झुल्फिकार यास खुर्शिदाआपाचा सलाम आणि पोटभर दुआ वि. वि.

पत्र बघून हसू नकोस. फोन केला की तुझे दाजी शेजारी येऊन उभे राहतात, आणि तुझ्या वेल्ह्याकडं टाकीवर चढल्याबिगर रेंज येत न्हाई.

बातमी अशी, की रमजानच्या पहिल्याच आठवड्यात ह्यांनी गेटचा रंग खरवडायला घेतलाय. रोज्यात हे कसलं काम म्हटलं, तर म्हणे गंज चढलाय. गंज दोन्ही दारांना चढलाय, हे घासतात फक्त डावं.

डावं दार तुला ठाऊकच हाय. तीन वर्षांमागं आपल्या अजहरनं ह्यांचं न ऐकता टेम्पो घेतला आणि पहिल्याच दिवशी मागं घेताना त्या दारावर घातला. ह्यांनी दाराला कडी घातली, म्हणाले, हितून टेम्पो आत यायचा न्हाई. पोरगं म्हणालं, मग मीबी न्हाई. ते कामथडीला जाऊन राहिलं. कामथडी ती काय लांब हाय! पण बापलेक असे वागतात की मधी दर्याच हाय. दर ईदला ह्यांनी त्या कडीवर ऑइलपेंटचा जाड हात मारला. आता कडी कुठं आणि दार कुठं ते कळत न्हाई.

अजहरला लेक झाली, नबीला. सूनबाईनं, अम्रीननं, मोबाईलवर फोटो पाठवला. ह्यांनी बघितला आणि काच मळलीय म्हणाले. मग अर्धा तास काच पुसत बसले.

मला ह्या ईदला नात मांडीवर पाहिजे, भाई. दुसरं काही मागत न्हाई. अजहर म्हणतो, अब्बांनी बोलावलं तर येतो. हे काही बोलावत न्हाईत. निदान रंग तरी निघू दे, कारण ह्यांनी माझं धिरड्याचं उलथनं नेलंय. डेपोत तू इतकी वर्षं गाड्या घासल्यास, उपाय लिही.

तुझी आपा

*

वेल्हे, १३ मार्च २०२५

ती. आपास झुल्फिकारचा सा. सलाम वि. वि.

उलथन्यानं धिरडं निघतं, ऑइलपेंट न्हाई. दुकानातनं पेंट रिमूव्हर आणा, हातमोजे घालून ब्रशानं लावा आणि रंगाला फोड येईस्तोवर थांबा. दाजींना थांबायचा सराव हाय. मग पोपडे पत्र्याच्या पट्टीनं काढायचे, कोपऱ्यात तारेचा ब्रश. पॉलिश पेपर मारायचा तर ओला करून, तोंडाला फडकं बांधून, कारण जुन्या रंगात शिसं असतं. खाली गोणपाट अंथर आणि कोंबड्या कोंडून ठेव, त्या पोपडे टिपतात. लोखंड पुसून कोरडं झालं की लगेच रेड ऑक्साईडचं अस्तर, न्हाईतर सकाळी परत गंज.

बोलावण्याचं म्हणशील, तर दाजी जन्मभर कचेरीत कारकून. वरनं हुकूम आल्याबिगर त्यांनी कागद हलवला न्हाई. आता घरात वरचं कोण हाय ते तूच बघ.

रागावू नकोस, रागावलीस तरी पत्र टाक.

झुल्फिकार

*

भोर, १८ मार्च २०२५

रा. रा. झुल्फिकारमिया यांस मौलालीचा सलाम.

पत्रास कारण की, सदर गेटच्या डाव्या दाराचा रंग निघाला. कडी सापडली. ती हलते. आपल्या उपायाचा उपयोग झाला. आपली बहीण तो रोज मोठ्याने भिंतीला सांगत होती.

दुसरी बाब. दाराला पूर्वीच्या धडकेने बाक आला असून ते पुरते उघडत नाही. किती सरळ करावे हे ठरवण्याकामी, आपले कामथडीस जाणे झाल्यास तेथील टेम्पोची रुंदी आरशांसकट मोजून कळवावी. हे बोलावणे नव्हे, निव्वळ चौकशी आहे. खुर्शिदास सांगू नये. ती अर्थ काढते.

मौलाली

*

वेल्हे, २४ मार्च २०२५

ती. दाजींस झुल्फिकारचा सा. सलाम वि. वि.

कामथडीला जाऊन आलो. रुंदी मिळाली न्हाई, टेम्पो दारात न्हवता. तुमचा प्रश्न अजहरला जसाच्या तसा सांगितला, आरशांसकट. टेप आणतो म्हणून तो आत गेला आणि लई वेळ बाहेर आला न्हाई. आला तेव्हा हातात टेप न्हवती आणि डोळे लाल होते. कांदा चिरत होतो म्हणाला. कांद्याचा वास काही आला न्हाई.

दार होईल तेवढं सरळ करा. मी अर्थ काढत न्हाई.

आहे तो लोभ असाच ठेवावा.

झुल्फिकार

*

भोर, १ एप्रिल २०२५

चि. भाई झुल्फिकार यास आपाची ईद मुबारक आणि दुआ वि. वि.

काल नमाजहून आले ते हे गेटपाशी खुर्ची टाकून बसले. दोन्ही दारं सताड उघडी. लोकांनी विचारलं, ट्रक यायचाय का? म्हणाले, रंग वाळतोय. रंग चार दिवसांमागंच वाळला होता. शेजारच्या रखमाजींची गाय दोनदा आत आली, तिलाबी काही बोलले न्हाईत.

दुपारी पोरं आली. एसटीनं, स्टँडवरनं चालत! ह्यांनी पहिला प्रश्न केला, टेम्पो कुठं हाय? अजहर मान खाली घालून म्हणाला, विकला, गेल्या पावसाळ्यातच. आता दुसऱ्याची गाडी चालवतो. ‘मी आधीच सांगितलं होतं’ हे एक वाक्य ह्यांनी तीन वर्षं तोंडात धरून ठेवलेलं. मला वाटलं, आता ते बाहेर पडणार आणि पोरगं आल्या पावली जाणार.

हे म्हणाले, बरं झालं, आरशांची काळजी मिटली.

मग नबीलाला त्याच्या हातातनं घेतलं, रस्त्यावर गेले, आणि तिला उराशी धरून डाव्या दारानं आत आले. मला म्हणाले, दार पुरलं. मी तिथंच अंगणात ढसाढसा रडले, भाई. पोरगी आता माझ्या मांडीवर झोपलीय, म्हणून अक्षर असं वाकडं आलंय.

तुझ्या वाट्याचं शीरखुर्म्याचं भांडं झाकून ठेवलंय. ये आणि घेऊन जा, माया काय टपालानं येत न्हाई.

तुझी आपा

ता. क. सगळं गेट हिरवं केलं, पण डाव्या दाराच्या कडीला ह्यांनी रंग लावला न्हाई. विचारलं तर म्हणतात, राहून गेलं.